भुईमुगाचा सरवा

पाचोरा
रविवार

प्रिय भाचेबुवा,

ताई परवा महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरली ती विमानाच्याच गोष्टी सांगत. तू तिला पॉइंटांवर फुकट हैदराबादला नेलंस, खिडकीजवळ बसवलंस, हे मामीला तीनदा सांगून झालं. मी विचारलं, पॉइंट आले कुठून? तर म्हणे ऑफिसच्या तिकिटांवर जमतात. रात्री तुला फोन केला तर तू हसलास, “मामा, सगळेच घेतात. चुकलं काय ते लिहून पाठवा.” घे, लिहितो. वेळ आहेच; पीजे, म्हणजे आमची पाचोरा-जामनेर गाडी, बंद पडल्यापासून स्टेशनावर चक्कर मारायचंही निमित्त उरलेलं नाही.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो. तिकिटाचे पैसे कंपनीचे, पण पॉइंट देते विमानवाली, तेही प्रवाशाच्या नावावर. तू घेतले नसतेस तर बहुधा वायाच गेले असते. शिवाय पहाटे साडेतीनला उठून विमानतळ गाठतोस तू, तुझा साहेब नाही. अमेरिकेने 2001 च्या डिसेंबरात कायदा करून सरकारी नोकरांना असे पॉइंट, म्हणजे माइल, स्वतःसाठी ठेवायची मुभा दिली. पुढच्याच वर्षी जर्मनीत उलटं झालं. ग्रेगोर गीझी हे तेव्हा बर्लिनचे मंत्री. खासदार म्हणून केलेल्या प्रवासातले माइल खासगीत वापरले म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आपल्या केंद्र सरकारचा 2017 चा आदेश तर स्वच्छ आहे : सरकारी दौऱ्याचे पॉइंट सरकारी दौऱ्यालाच वापरा, खासगी वापरलेत तर खात्याची कारवाई. तू सरकारी नोकर नाहीस, तुला तुझ्या कंपनीचा नियम. तो तू वाचलेला नाहीस, हे फोनवरच कळलं.

पण मला खटकलं ते दुसरंच. तू सहज बोलून गेलास, की दिल्लीचं तिकीट ‘आपल्या’ एअरलाइनचंच मागतोस, दीड हजार जास्त पडले तरी. आणि गेल्या महिन्यात गुरुवारची मीटिंग शुक्रवारवर नेलीस, कारण शनिवारी तिकडे मित्राचं लग्न होतं.

भुईमूग उपटून नेल्यावर मातीत चार शेंगा राहतात. तो सरवा वेचायला कोणाची ना नसते. पण पुढे आपल्यालाच वेचायचाय म्हणून उपटणाऱ्यानेच शेंगा मागे ठेवल्या, तर त्याला सरवा म्हणत नाहीत.

हा फरक मला कसा कळला, ते ताईला सांगू नकोस. रेल्वेच्या नोकरीत आम्हाला दोन प्रकारचे पास. प्रिव्हिलेज पास घरच्यांसाठी, वर्षाला मोजून. ड्युटी पास फक्त कामासाठी. एकदा हिशेबाचे कागद घेऊन मनमाडला गेलो होतो. काम शुक्रवारी दुपारीच उरकत होतं. मी दोन तक्ते मुद्दाम शनिवारवर ठेवले, कारण रविवारी नाशिकला ताईसाठी स्थळ बघायचं होतं. मनमाड ते नाशिक तिकीट मात्र स्वतःच्या पैशाने काढलं आणि गाडीत ताठ मानेने बसलो, जणू हरिश्चंद्रच! प्रवासभत्त्याच्या बिलात शनिवारचा भत्ता लावला. साहेबांनी न बघता सही केली. नियमात कुठेच सापडलो नसतो. ते स्थळ म्हणजे तुझे वडील, त्यामुळे पुढे कोणी तक्रार करायचाही प्रश्न नव्हता.

तेव्हा ताईच्या हैदराबादबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. मात्र सोमवारी एचआरला दोन ओळींचा मेल टाक : ऑफिसच्या तिकिटावरचे पॉइंट ठेवले तर चालतील का? नाही म्हणाले तर सोडून दे. हो म्हणाले तरी तिकीट कंपनीला परवडेल तेच घे, आणि मीटिंग ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी कर.

भरताची वांगी चांगली आलीत. ताईबरोबर पाठवतो.

त्या शनिवारचा भत्ता मी अजूनही परत भरलेला नाही.

तुना मामा