पिंजऱ्यातल्या जिवांची जबाबदारी

पक्षी पाळण्याची हौस आता आपल्या वस्त्यांतही आली आहे. चाळीच्या गॅलरीत, घराच्या दारात लव्हबर्ड्‌सचा पिंजरा टांगलेला दिसतो. आपण ज्यांना लव्हबर्ड्‌स म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, म्हणजे ऑस्ट्रेलियातले लहान पोपट. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतही अशी एक जोडी आहे. शेजारचे कुटुंब कायमचे गावी गेले, तेव्हा ती आमच्याकडे आली.

एकदा आमच्या आत्या भेटायला आल्या. पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, कोंडून ठेवल्याचं दुःख आपल्याला का कुणी सांगायला पाहिजे? दार उघड, जाऊ दे त्यांना." प्रश्न बिनतोड होता. घरातल्या सर्वांनी मिळून आम्ही त्यावर विचार केला.

बजरीगर 1840 साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेले गेले. पुढे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पिंजऱ्यातच जन्मल्या. अशा पक्ष्याला इथे बाहेर सोडले तर त्याला दाणापाणी शोधता येत नाही आणि कावळ्या-मांजरांच्या तोंडी तो सहज सापडतो. ती सुटका नव्हे. म्हणून जोडी ठेवायची आणि नीट सांभाळायची, असे आम्ही ठरवले.

सांभाळायचे म्हणजे रोजचे काम आले. हे पक्षी राळ्याचे दाणे सोलून खातात आणि टरफले वाटीतच टाकतात. वाटी भरलेली दिसते, पण आत दाणा नसतो. अशा भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतात. म्हणून रोज सकाळी फुंकर मारून टरफले उडवायची, ताजे दाणे घालायचे, पाणी बदलायचे. हे काम आमच्या धाकटीकडे आहे. धुतलेली कोथिंबीर, पालक द्यावा, समुद्रफेणाचा तुकडा टांगावा. चहा, फरसाण, चॉकलेट कधीही देऊ नये.

एका खोलीच्या घरात मोठा धोका धुराचा. कासवछाप अगरबत्ती, विडी, फोडणीचा ठसका पक्ष्याला सोसत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा चुलीपासून दूर, खिडकीजवळ पण कडक उन्हाबाहेर ठेवावा. रात्री टीव्ही चालू असला तर पिंजऱ्यावर सुती कापड टाकावे, त्यांनाही झोप हवी. विष्ठा सुकी खरवडू नये, ओली करून पुसावी आणि हात साबणाने धुवावेत.

पक्षी आपले दुखणे लपवतो. पिसे फुगवून तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपूट हलू लागली, तर उद्यावर टाकू नये. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहेच.

पिंजऱ्यातले मडके आम्ही काढून टाकले. मडके असले की मादी चार ते सहा अंडी घालते आणि अठरा दिवसांत पिल्ले निघू लागतात. मग एवढी पिल्ले कुणाच्या दारी द्यायची?

हिरव्या पोपटाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तो आपल्या रानातला. त्याची पिल्ले ढोलीतून काढून, पंख कापून विकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे गुन्हा आहे. कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. जखमी सापडला तर वनखात्याला कळवावे.

आमची जोडी म्हातारी होऊन गेली की नवी आणायची नाही, हे मुलांनीही कबूल केले आहे. मग पिंजरा भंगारवाल्याला. तोवर मात्र रोज सकाळी वाटीवर फुंकर मारायची, त्यात सुट्टी नाही.