घुसळखांब

कुरकुंभ म्हटले की आता लोकांना कारखाने आठवतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या आमच्या गावाची जुनी ओळख मात्र फिरंगाई देवीची.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीचा वाडा उतरवला. भिंती मातीला मिळाल्या, पण सागाचे आठ खांब शाबूत निघाले. लाकडाचा व्यापारी लगेच दारात हजर! तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "विकायचे नाहीत. वस्तीवर चार माणसांना बसायला मंडप करू." पोरे म्हणाली, "लाकडाचा कशाला? स्लॅब टाकू." वाद मिटेना. शेवटी सुतारमामा म्हणाले, "आधी थेऊर बघून येऊ."

पाटस, चौफुला, यवत, उरुळी कांचन मागे टाकून आम्ही थेऊरला पोचलो. चिंतामणीच्या देवळाला लाकडी सभामंडप बांधला तो थोरल्या माधवराव पेशव्यांनी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच. दर्शन घेऊन पोरे खांब न्याहाळू लागली.

सुतारमामांनी समजावले, "खांबाला खाच, तुळईला कुसू. एकात एक घट्ट बसले की खिळ्याचे काम नाही. भार खांब पेलतो, भिंत नुसता आडोसा."

मला चीनची आठवण झाली. तिकडच्या सुतारांचीही रीत हीच. खांबाच्या डोक्यावर ते हस्तावर हस्त रचतात आणि छपराचा भार खांबावर आणतात. लाकडाची मापे कशी धरावीत, याचे सरकारी पुस्तक तिथे ११०३ सालीच छापले गेले. यिंगश्यान गावचा लाकडी मनोरा १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंच, अजून उभा आहे. भिंत पडली तरी घर पडत नाही, अशी त्यांच्यात म्हणच आहे.

परतल्यावर सुतारमामांनी एकेक खांब ठोकून पाहिला. दोघांचे बूड वाळवीने पोखरलेले, आवाज पोकळ. तेवढा भाग कापून त्यांच्याखाली उंच तळखडे दिले. एकही खांब जमिनीत पुरला नाही की सिमेंटात गाडला नाही. लाकडाचा शत्रू ओल. म्हणून छपराच्या पागोळ्या खांबांपासून हातभर लांब पडतील असा उतार धरला.

एका खांबावर कमरेएवढ्या उंचीला खोल घळ होती. सुतारमामा रंधा घेऊन पुढे झाले, तसे तात्या आडवे आले. "त्याला हात लावू नका. आईचा घुसळखांब आहे तो. रवीच्या दोरीने पडलीय ती घळ."

मग कुठे आम्हाला कळले, तात्यांनी खांब का विकू दिले नाहीत.

आता मंडप उभा आहे. संध्याकाळी पोरे तिथे गप्पा मारत बसतात. घुसळखांबाजवळची जागा मात्र तात्यांसाठी मोकळी ठेवतात.