महागडं तिथेच खा

सांगली,
१६ नोव्हेंबर

चि. मुक्तास,


तू पाठवलेले फोटो मोठे करून करून पाहिले. एकाच गल्लीत चार दुकानं, चौघांच्याही काचेवर बेल्जियन चॉकलेटचा डांगोरा, आणि किलोचा भाव मात्र एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट, तिसऱ्याचा त्याहूनही वर. ‘आत्या, तू चॉकलेटवाली, तूच सांग फरक कशाचा आणि नाताळच्या सुट्टीत येताना घरी काय आणू,’ असं विचारलंस. फोनवर हे सांगून होणार नाही. तुला लेक्चर गाठायचं असतं आणि माझं चॉकलेट साच्यात ओतायला आलेलं असतं. म्हणून लिहितेच सगळं.

ही गोष्ट सुरू होते औषधाच्या दुकानात. ज्याँ नोयहाउस हा गृहस्थ मूळचा स्वित्झर्लंडचा. १८५७ मध्ये त्याने मेहुण्याबरोबर ब्रसेल्सच्या गॅलरी द ला रेनमध्ये दुकान थाटलं. कडू औषधं लोकांच्या घशाखाली उतरेनात, म्हणून तो त्यांवर चॉकलेटचा थर चढवून विकायचा. १९१२ मध्ये त्याच्या नातवाने, त्याचंही नाव ज्याँच, आतलं औषध काढून टाकलं आणि तिथे गोड सारण भरलं. तिकडे ज्याला प्रालीन म्हणतात ते भरलेलं चॉकलेट तेव्हापासूनचं. मला मात्र नातवापेक्षा नातसुनेचं कौतुक जास्त. तोवर चॉकलेटं कागदाच्या पुडीत बांधून देत आणि घरी पोचेपर्यंत तळाच्यांचा चेंदामेंदा होई. लुईझ आगोस्तिनी नावाच्या या बाईने १९१५ मध्ये वरून पाकळ्या दुमडून बंद होणारा पुठ्ठ्याचा डबा काढला. त्याला बालोतँ म्हणतात. तुझ्या चारही फोटोंत तोच डबा आहे बघ, फक्त रंग आणि रिबन वेगळी. धंदा चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट लगेच पटते. सारण कितीही उत्तम असो, गिऱ्हाइकाच्या घरी ते कशा अवस्थेत पोचतं यावरच पुढची ऑर्डर ठरते.

ते मूळ दुकान अजून त्याच जागी आहे. तुझ्या लूव्हनहून गाडीने अर्ध्या तासात ब्रसेल्स सेंट्रलला उतरशील, तिथून चालत पाच-सात मिनिटं. वर काचेचं छत असलेली ती गॅलरी १८४७ ची आहे. अशा जागेचं भाडं, तिथली रोषणाई, हातमोजे घालून एकेक चॉकलेट चिमट्याने उचलणाऱ्या मुलींचे पगार, हे सगळं त्या किलोच्या भावात बसलेलं असतं. यात फसवणूक काही नाही. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या पेढीत दागिना घेताना आपण मजुरीबरोबर त्या पेढीच्या पायरीचेही पैसे मोजतोच की.

लिओनिदासची कथा याच्या अगदी उलटी. लिओनिदास केस्तेकिदिस हा अनातोलियातला ग्रीक, अमेरिकेत जाऊन मिठाईवाला झालेला. १९१० च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं, १९१३ च्या गेन्टच्या प्रदर्शनात सुवर्णपदक, आणि बेल्जियमच्याच एका मुलीशी लग्न करून तो तिथेच राहिला. त्याचा पुतण्या बाझिल खरा चलाख. त्याने रस्त्याकडे उघडणारी, वर सरकणारी खिडकी केली आणि चॉकलेटं फुटपाथवरून जाणाऱ्यांना थेट विकायला लागला. आत यायला नको, बूट पुसायला नकोत, श्रीमंत दिसायला नको. प्रालीन तोवर बड्या घरांतल्या पाहुणचाराची चीज होती, ती कामावरून परतणाऱ्या माणसाच्या हातात आली. स्वस्त विकायचं आणि भरपूर विकायचं हे धोरण त्या घराण्याने आजवर सोडलेलं नाही. म्हणून तुझ्या फोटोतला सर्वांत कमी भाव त्यांचा आहे. त्यांचं पांढरं मानों, आत कॉफीचं लोण्यासारखं क्रीम आणि हेझलनट, मी खाल्लंय. दुप्पट भावाच्या कित्येक चॉकलेटांपुढे ते मान खाली घालणार नाही.

गोडायव्हाबद्दल थोडक्यात. १९२६ मध्ये ब्रसेल्समध्ये द्राप्स कुटुंबाने सुरू केलं, साठच्या दशकात कॅम्पबेल या अमेरिकन सूपवाल्या कंपनीकडे गेलं, २००७ मध्ये तुर्कस्तानच्या यिल्दिझने घेतलं. विमानतळावरची सोनेरी पेटी म्हणजे लोकांच्या मनात हेच नाव. तिथे तू बरेचसे पैसे सोन्याच्या रंगाचे देतेस, असं माझं मत. घरी गोडायव्हाचाच हट्ट धरणारं एक माणूस आहे, तुझे बाबा. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस.

आता कवचाची गोष्ट. बेल्जियममधले बहुतेक चॉकलेटवाले कोकोच्या बिया स्वतः भाजतच नाहीत. ते तयार चॉकलेट घेतात, त्याला कुव्हर्चर म्हणतात, आणि आपली कला सारणात, साच्यात आणि हाताच्या सफाईत दाखवतात. हे कुव्हर्चर करणारे कारखाने मोजकेच. त्यांतला सर्वांत अवाढव्य व्हीझे गावात, बॅरी कॅलेबॉटचा. तिथून गरम टँकरमधून पातळ चॉकलेट दुसऱ्या कारखान्यांना जातं, आपल्याकडे डेअरीचं दूध जातं तसं. २०२२ च्या जूनअखेरीस तिथे साल्मोनेला सापडला आणि काही आठवडे उत्पादन बंद ठेवावं लागलं, तेव्हा किती जणांचं दुकान त्या एका नळावर चालतं ते जगाला दिसलं. माझ्या फडताळातही कॅलेबॉटची पिशवी आहे. खास गिऱ्हाइकांसाठीच ती उघडते. तेव्हा दोन दुकानांच्या भावात दुपटीचा फरक दिसला, तर कवचाचं चॉकलेट दुप्पट चांगलं असेल असं धरून चालू नकोस.

बिया स्वतः निवडून, भाजून, दळून करणारेही आहेत. प्येर मार्कोलिनी त्यांतला नावाजलेला. १९९५ मध्ये तो पेस्ट्रीचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी त्याने स्वतःचं दुकान काढलं. त्याची चॉकलेटं नखाएवढी आणि भाव डोळे पांढरे करणारा, पण तिथे मेहनत बियांपासूनची आहे. सर्वांत लहान पेटी घे, मैत्रिणीबरोबर तिथेच बाकावर बसून खा.

आणि सारण? युरोपच्या नियमानुसार एका घासाच्या भरलेल्या चॉकलेटमध्ये चॉकलेट २५ टक्के असलं तरी पुरतं. बाकी साखर, क्रीम, सुकामेवा, काय ते. म्हणजे किलोभर प्रालीन घेतलीस तर त्यात पाव किलोच चॉकलेट असू शकतं. ताजं क्रीम असेल तर त्याचं मोल आहेच. नोयहाउसचं काप्रीस घे. १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी काढलेलं, नुगातीनच्या कुरकुरीत कवचात व्हॅनिलाचं ताजं क्रीम हाताने भरलेलं. ते चार दिवसांत खाल्लं तर पैसे वसूल. तेच सूटकेसमध्ये घालून, मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या रांगेत उकडवून, रात्रीच्या बसने सांगलीला आणलंस, तर तू ज्याचे जास्तीचे पैसे दिलेस तो ताजेपणा वाटेतच संपलेला असेल. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. महागडं तिथेच खा. इकडे येईल ते साधं, घट्ट आणि टिकाऊ असू दे.

उकाड्यात चॉकलेट का बिघडतं ते माझ्या ओट्यावर पाहिलं असतंस तर कळलं असतं. कोको बटर सहा प्रकारांनी गोठतं आणि आपल्याला हवा असतो त्यातला पाचवाच. त्यासाठी काळं चॉकलेट ४५ अंशांच्या वर नेऊन वितळवायचं, संगमरवरी लादीवर ओतून पात्याने पसरत-गोळा करत २८ च्या आसपास उतरवायचं, मग पुन्हा ३१-३२ पर्यंत किंचित उबवायचं. जमलं की चकाकी येते, तोडताना कट्ट आवाज होतो आणि बोटाला लागत नाही. ३४ अंशांच्या आसपास ते विरघळतं, म्हणून तोंडात ठेवल्याबरोबर पाणी होतं. बॅगेत एकदा वितळून आपल्या मनाने पुन्हा गोठलं, की ही सगळी घडी विस्कटते आणि वर पांढुरका थर धरतो. ती बुरशी नसते. खायला काही हरकत नाही, पण आजीला ते कोण पटवणार?

आपल्याकडे घरगुती चॉकलेटं करणाऱ्या बहुतेक जणी कंपाऊंड वापरतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. लादीची कटकट नाही, उन्हाळ्यात टिकतं, मात्र टाळ्याला मेणचट चिकटतं. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरी मीही कंपाऊंडमध्येच करते, गिऱ्हाइकाच्या भावात दुसरं बसत नाही. पण हाच प्रश्न तिकडे केवढा पेटला होता! ब्रिटन युरोपच्या बाजारात आल्यापासून भांडण होतं. इंग्रज आपल्या चॉकलेटमध्ये इतर तेल घालत, बेल्जियम-फ्रान्सचं म्हणणं की कोको बटर नसेल तर त्याला चॉकलेट म्हणूच नका. शेवटी २००० मध्ये तोडगा निघाला. कोको बटरखेरीज इतर वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालेल, ती वेष्टनावर स्पष्ट लिहायची, आणि तीसुद्धा नेमून दिलेल्या सहांपैकीच. पाम, शिया, इलिपे, साल, आंब्याची कोय आणि, ऐक आता, कोकम!

होय, आपलं कोकम. तुझ्या काकांच्या वेंगुर्ल्याच्या घरी सासूबाई आमसुलं करून झाली की बिया टाकत नसत. उन्हात कडकडीत वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर आलेलं तेल निवायला लागलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळायच्या. मुठेल म्हणतात त्याला. बोटांचे ठसे उमटलेला तो फिकट पांढरा गोळा थंडीत टाचांच्या भेगांना लावायचा. ते कोको बटरपेक्षा टणक, वितळतंही जरा उशिरा. म्हणून उष्ण प्रदेशातल्या चॉकलेटला घट्टपणा आणायला कामाला येतं. ब्रसेल्सच्या कायद्यात वेंगुर्ल्याच्या परसातली चीज नावानिशी बसली आहे, हे मी सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला असता.

तर वेष्टनावर काय वाचायचं ते सांगते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव साखरेचं असेल तर तू मुख्यतः साखर विकत घेते आहेस. कोको बटरखेरीज चरबी असल्याचं वाक्य दिसलं तर वडी परत ठेव, आपल्याला ते इथेही मिळतं. कोकोची टक्केवारी पाहा. काळ्याला कायद्याने किमान ३५ आणि दुधाच्याला २५ लागतात, चांगल्या वड्या त्याच्या बऱ्याच पुढे असतात. आणि फडताळाच्या पट्टीवर बारीक अक्षरात किलोचा भाव असतो तो वाच. पेटीची किंमत वाचू नकोस, तिच्यावर फसायला होतं. भेटीच्या सजवलेल्या डब्यात वजन कमी आणि पुठ्ठा जास्त. दुकानात सुटी चॉकलेटं निवडून साध्या बालोतँमध्ये भरून घे.

कोलरुइट सुपरमार्केटमध्ये कोत दॉरच्या वड्या मिळतील, सोंड वर केलेला हत्ती असतो त्यावर. १८८३ पासूनचं नाव. ते आलं आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवरून, म्हणजे आजच्या घानावरून. बऱ्याच बिया तिकडून यायच्या. सुपरमार्केटच्या स्वतःच्या छापाची ७० टक्क्यांची काळी वडीही घेऊन चाख. कित्येकदा ती नाववाल्या वडीइतकीच सरस निघते. स्वस्ताईची फार आशा मात्र धरू नकोस. पश्चिम आफ्रिकेत पीक बसलं आणि २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, जो आधी वर्षानुवर्षं अडीच हजारांच्या आसपास होता. तेव्हापासून माझ्याही पुरवठादाराचा दर दर महिन्याला नवा असतो.

सवड झालीच तर फ्लेझेनबेकला जा. ब्रसेल्सच्या जरा बाहेर, तिथे नोयहाउसचा कारखाना आहे आणि त्याला लागून दुकान. शहरापेक्षा स्वस्त, शिवाय चाखायला ठेवलेलं असतं. डबा घेऊन जा, लाजू नकोस. आणि ६ डिसेंबरला सिंट निकोलास या संताचा सण झाला की त्याच्या आकाराची दाढीवाली चॉकलेटं उतरत्या भावात निघतात. चॉकलेट तेच, फक्त सण सरलेला. आपल्या वाड्यातल्या पोरांना दाढीशी काही देणंघेणं नाही, चांगली दहा-बारा आण.

आजीसाठी हेझलनटचं सारण असलेली चॉकलेटं घे, क्रीमची नकोत. घेण्याआधी दारू नाही ना ते विचार. काही सारणांत रम किंवा लिकर असते, आणि मागून कळलं तर वर्षभर ऐकावं लागेल. शेजारच्या काकूंना हत्तीछाप. तुझ्या बाबांना लिओनिदासचं अर्धा किलो, गोडायव्हाचा रिकामा डबा कुठे मिळाला तर त्यात भरून. किंडर जॉय आणू नकोस, ते बारामतीला होतं. माझ्यासाठी कुव्हर्चरची अडीच किलोची पिशवी, काळी, वजनात बसली तरच.

सगळं कपड्यांच्या मधोमध ठेव, आणि ते केबिनच्या बॅगेत. मुंबईला उतरलीस की टॅक्सीच्या डिकीत टाकू नकोस, मांडीवर घे. बसचं तिकीट एसीचं काढ, वरचे पैसे मी देते.

तुझी,
आत्या