चौकात उतरलेलं ऊन

नॉर्वेतल्या र्‍युकान गावात सप्टेंबर सरत आला की सूर्य उगवतो, पण गावात उतरत नाही. आकाश निळंभोर, उत्तरेच्या डोंगराचा माथा उन्हात लखलखतोय, आणि खाली अरुंद दरीत दिवसभर सावली. दक्षिणेला डोंगरांची भिंत, त्यात 1883 मीटर उंचीचं गाउस्ता शिखर. हिवाळ्यातला सूर्य इतका खालून जातो, की या भिंतीवरून डोकावतही नाही. हे थेट मार्चपर्यंत.

अशा जागी गाव वसवलं कुणी? साम आयडे या उद्योजकाने. धबधब्यावर वीज करायची आणि त्या विजेवर खत, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने इथे कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी केली. माथ्यावर आरसा लावून गावात ऊन पाडावं, ही कल्पना 1913 सालीच निघाली होती. ती जमेना. मग 1928 मध्ये कारखान्याच्या कंपनीने केबलकार बांधली; ऊन खाली येत नाही, तर माणसांनी वर जावं.

आरसे सुरू झाले ते ऑक्टोबर 2013 मध्ये, मार्टिन अँडरसन या कलावंताने कल्पना पुन्हा उचलून धरल्यावर. गावातल्या चौकापासून 450 मीटर उंचीवर तीन आरसे, प्रत्येकी 17 चौरस मीटरचे. उद्घाटनाच्या दिवशी लोक काळे चष्मे लावून चौकात खुर्च्या टाकून बसले.

वर्गात खिशातल्या आरशाने फळ्यावर कवडसा नाचवणाऱ्या पोराचाच हा खेळ, फक्त इथे कवडसा हलू द्यायचा नाही. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे, म्हणजे आरशाची स्तंभिका (त्याला काटकोनातली रेषा) कायम सूर्य आणि चौक यांच्या बरोबर मध्ये हवी. सूर्य तासाला सुमारे 15 अंश सरकतो. आरशाने साधारण त्याच्या निम्मंच वळायचं. हे निम्म्याचं गणित सोयीचं दिसतं, पण उलट बाजूने ते बोचतं. आरसा एका अंशाने चुकला, की किरण दोन अंशांनी चुकतो आणि एवढ्या अंतरावर कवडसा 15 मीटरहून जास्त घसरतो. म्हणून हे काम संगणकाकडे आहे.

कवडसाही आरशाएवढा राहत नाही. सूर्य बिंदू नाही; आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, त्यामुळे दर 100 मीटरला झोत जवळपास 90 सेंटिमीटरने फुगतो. 51 चौरस मीटर काचेतून चौकात सुमारे 600 चौरस मीटर ऊन पडतं.

गंमत म्हणजे ताजा बर्फही बहुतेक सगळा प्रकाश परत फेकतो, आणि तो तर डोंगरावर हवा तेवढा, तोही फुकट. परावर्तनाचा नियम त्याचे कणही पाळतात. पण प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चौकाच्या वाट्याला कवडसा येत नाही.

प्रकल्पाला सुमारे 50 लाख क्रोनर लागले, आणि एवढ्याशा उन्हासाठी इतका पैसा कशाला, म्हणून गावात कुरकुरही झाली. ढगाळ दिवशी तर आरसे निव्वळ शोभेचे. केबलकार मात्र अजून चालू आहे. चौकातल्या तुकड्यावर ज्याचं भागत नाही, तो तिकीट काढून वर जातो.