चाकांवरचं घर : कुणाची सहल, कुणाचा गुन्हा?

आमच्या अभ्यासवर्गातला एक मित्र नोकरीनिमित्त नेदरलँड्सला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने आणि त्याच्या बायकोने कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय आतच असलेली ही गाडी. मागे दोन सायकली अडकवायच्या, गाडी कॅम्पिंगच्या जागेत लावायची आणि दिवसभर सायकलवर हिंडायचं. त्याचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिले. आपल्या वस्तीतलं पोरगं तिथवर पोचलं याचा आनंद झालाच. जग पाहणं हा आपलाही हक्क आहे.

पण एक कार्यकर्ता म्हणाला, "त्यांची संस्कृतीच वेगळी. आपल्याकडे हे होणं नाही." या वाक्याला उत्तर द्यायला हवं.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत हे खरं. पण ती काही डच रक्तातली गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुलं रस्त्यावर मेली. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' या नावाने आंदोलन उभं राहिलं. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही हलवलं. आज तिथे मोटार सायकलला धडकली, तर भरपाईची जबाबदारी सहसा मोटारवाल्यावर येते. कायदा दुबळ्याच्या बाजूने उभा राहिला म्हणून सायकलचा रस्ता सुरक्षित झाला. याला संस्कृती म्हणत नाहीत, चळवळ म्हणतात.

त्याच देशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण नुसते भक्त होऊ. तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाकांवरच्या घरात राहणारे लोक आहेत. त्यात सिंती आणि रोमा आहेत, भटकी डच कुटुंबंही आहेत. त्यांना वेसण घालायला १९१८ मध्ये खास कायदा झाला. मे १९४४ मध्ये, नाझी अंमलात, डच पोलिसांनी त्यांच्या तळांवर धाडी घातल्या आणि २४५ सिंती-रोमांना आउशवित्झला पाठवलं गेलं. युद्ध संपल्यावरही संशय संपला नाही. १९६८ च्या कायद्याने त्यांना ठरावीक तळांवर नेऊन बसवलं. सुट्टीवाल्याची गाडी म्हणजे पर्यटन आणि यांची गाडी म्हणजे 'समस्या'!

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या. पावसाळा संपला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, शेळ्या, लेकरं, सगळा संसार. १९५० साली प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखाना सुरू झाला, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण ऊस तोडणारं कुटुंब हंगामभर पाचटाच्या कोपीत राहतं, हे कुणी सांगत नाही. आम्ही शाळाबाह्य मुलांची नावं लिहायला तळावर जातो, तेव्हा बायका शाळेआधी पाण्याचं विचारतात. अंधार असतानाच आडोसा शोधायचा, मग कोयता घेऊन फडात जायचं. ही यांची 'कॅम्पिंग'.

आणि पारधी? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे लोक कागदावर मुक्त झाले. तरी कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर पाल पडलं, की गावाची नजर आधी आपल्या कुलपाकडे जाते.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. चाकांवरच्या घरातून फिरणाऱ्या पर्यटकासाठी पार्क असावेत, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, असं हे धोरण. आमचा त्याला विरोध नाही. भंडारदऱ्याला कुणी सुखाने गाडी लावावी. प्रश्न एवढाच आहे, की हौसेने चाकांवर राहणाऱ्याला काय लागतं हे सरकारला समजतं, तर पोटासाठी चाकांवर राहणाऱ्याला काय लागतं हे का समजत नाही? गरजा तर त्याच आहेत. फरक जातीचा आणि वर्गाचा आहे.

बाबासाहेबही १९३४ मध्ये सहकाऱ्यांसोबत बस भाड्याने घेऊन वेरूळ-दौलताबाद पाहायला निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि 'हौद बाटवला' म्हणून गर्दी धावून आली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण पाण्याला कुठे हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बस पैशाने मिळाली, पाणी मिळालं नाही. प्रवास स्वतंत्र आहे की नाही, हे गाडीवरून ठरत नाही. उतरल्यावर पाण्यापाशी काय वागणूक मिळते, यावरून ठरतं.

म्हणून तरुण मित्रांनो, युरोपला जरूर जा, सायकल चालवा, फोटो पाठवा. पण येत्या गळीत हंगामात आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक तळाची यादी करा. नळ किती, संडास किती, दिवा आहे का, लेकरं किती, हे लिहून काढा. ती यादी आणि कॅराव्हॅन धोरणाची प्रत एकत्र जोडून ग्रामपंचायतीला, कारखान्याला आणि तहसीलदारांना निवेदन द्या. पोच घ्या. मागणी एका ओळीची आहे : पर्यटकाला जे देऊ केलंत, तेच कष्टकऱ्याला द्या.

डच आईबापांनी रस्ता मागून घेतला, महाडला आपल्या आजोबा-पणजोबांनी पाणी. आपल्याला दोन्ही मागायचं आहे.

जय भीम!