मादीची चिठ्ठी

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की भाईंदर पश्चिमेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याखाली मी जाऊन उभा राहतो. चकाकत्या ओल्या डांबराला पाणी समजून पाणभुंगे टपाटप खाली पडतात. त्यातला राखाडी-पिवळा, काळ्या ठिपक्यांचा एक माझ्या खास जिव्हाळ्याचा.

वाटीभर पाण्यात सोडला की कूळ तिथेच कळतं. केसाळ मागचे पाय वल्ह्यांसारखे दोन्ही एकदम मारतो तो डायटिसिड, म्हणजे शिकारी. आळीपाळीने हलवतो तो हायड्रोफिलिड, दिसायला तसाच, पण कूळ निराळं. ठिपक्यांवरून प्रजाती ठरते, एरेटीस. खरी परीक्षा त्यापुढे, जात ठरवताना.

लिनियसने 1767 मध्ये एरेटीसमधल्या एका जातीला ‘स्टिक्टिकस’ म्हटलं, फॅब्रिशियसने 1781 मध्ये दुसऱ्याला ‘ग्रिसियस’. पुढे दुसरं नाव मागे पडलं आणि आपल्याकडचे बहुतेक सगळे स्टिक्टिकस ठरले. माझ्या भुंग्यांच्या जुन्या संग्रहपेटीतल्या नावाच्या चिठ्ठ्याही माझ्याच अक्षरात तेच सांगत होत्या. 2002 मध्ये केली मिलर यांनी जगभरचे नमुने तपासून चार जाती वेगळ्या केल्या, त्या मुख्यतः नराच्या जननांगाच्या घडणीवरून. त्यात ग्रिसियस पुन्हा स्वतंत्र जात ठरली.

मग मी पेटी पुन्हा उघडली. वाळलेला भुंगा गरम पाण्यात मऊ करायचा, बारीक टाचणीने पोटाच्या टोकातून नराचं ते इवलंसं अंग अलगद ओढायचं, पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. घाई केली की मोडतं, आणि मोडलं की त्या नमुन्याची साक्ष संपली. सुरुवातीला माझ्या हातून दोन मोडले. अजून हळहळ वाटते. जे नीट निघाले ते सगळे ग्रिसियस. ते अंग छोट्या पुठ्ठ्यावर चिकटवून भुंग्याच्याच टाचणीला खाली लावलं.

राहिल्या माद्या. नराच्या पुढच्या पायांवर पकडीच्या चकत्या असतात, मादीच्या नसतात, त्यामुळे मादी ओळखणं सोपं. पण नुसत्या बाहेरच्या रूपावरून तिची जात लिहायला माझा हात धजत नाही. त्याच रात्री, त्याच दिव्याखाली नर सापडला होता, म्हणून तीही त्याच जातीची, असं मला कितीदा सांगितलं गेलं. पण दिव्यावर कुठल्या डबक्यातून कोण उडत आलं, हे दिवा सांगत नाही. एरेटीस तर पावसाळी डबक्यांत वाढणारा भटक्या. अमेरिकेतल्या वाळवंटात डबकं आटताना त्यांचा अख्खा थवा एकदम उडून गेल्याची नोंद 1985 मध्ये छापली गेली आहे.

म्हणून मी चिठ्ठीवर गाव लिहितो, तारीख लिहितो, ‘दिव्याखाली’ असं मुद्दाम लिहितो. मग ‘एरेटीस, मादी’. पुढे एका नावापुरती जागा कोरी.