देवी निजली आहे

तुळजापूरला जायचे ते नवरात्रात, असा आपल्याकडे बहुतेकांचा समज असतो. माझाही होता. नऊ दिवसांची ती धामधूम, रोजची वेगळी अलंकार-पूजा, कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिनी, संबळाचा कडकडाट हे सगळे टाकून दसरा झाल्यावर कोण जातो? पण 2024 च्या आश्विनात आईने मला अंथरुणावरून सांगितले, "दसरा होऊ दे. ती निजली की मग जा. आणि काही मागू नकोस."

आईला त्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास पडायचे निमित्त झाले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पलंग काही सुटला नाही. शहात्तर वर्षांच्या बाईला पलंगावर पडून राहा असे सांगणे सोपे. नवरात्रात सांगणे मात्र फार कठीण. आमच्या घरी घट बसला की घरची बाई नऊ रात्री गादीवर पाठ टेकीत नाही. देवघरासमोर सतरंजी टाकायची, तिच्यावरच कलंडायचे. पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य पेरलेले, मधे पाण्याने भरलेला घट, वर रोज एक याप्रमाणे वाढत जाणारी फुलांची माळ आणि शेजारी नंदादीप. हा दिवा नऊ दिवस विझायचा नाही. रात्री दोन वाजता उठून वातीची काजळी झाडायची, तेल घालायचे, वाऱ्याची झुळूक येत असेल तर आडोसा करायचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून, म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षे, आईने हे केले. आम्ही भावंडे शेजारच्या खोलीत ढाराढूर.

दसऱ्याला घट उठे. मातीतून वर आलेले पिवळसर कोंब, त्यांना आम्ही 'धन' म्हणतो, वडिलांच्या टोपीत आणि आमच्या कानांवर खोवले जात. संध्याकाळी आपट्याची पाने वाटून झाली की आम्ही पुरुष मंडळी सण साजरा केल्याच्या समाधानात लवंडत असू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई दिवाळीचे डबे घासायला काढी.

हे मी आज लिहितो आहे. तेव्हा माझ्या ध्यानातही आले नव्हते. ध्यानात यायला एक व्याख्यान कारणीभूत झाले. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने नवरात्रात मला बोलावले होते. विषय 'तुळजाभवानी'. मराठीचा प्राध्यापक म्हटला की तो व्युत्पत्तीपासून सुरुवात करणार, हे ठरलेलेच. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती; तपाला बसली असता कुकुर नावाचा दैत्य तिच्या वाटेस गेला; तिच्या हाकेसरशी देवी त्वरेने धावून आली, म्हणून त्वरिता; त्वरितेची तुरजा, तुरजेची तुळजा. ही परंपरेने सांगितलेली कथा मी सांगितली. मग देवीच्या तीन निद्रा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. इतर ठिकाणी मूर्ती जागची हलत नाही. इथली मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून उचलून खरोखरीच पलंगावर निजवतात, म्हणून हिला मंचकी निद्रा म्हणतात. टाळ्या झाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना रिक्षात तिने विचारले, "छान बोललास. पण तू तिला निजलेली कधी पाहिलीस का रे?"

पाहिली नव्हती. "जाऊ या की एकदा," मी म्हणालो. मग कधी परीक्षा आल्या, कधी उत्तरपत्रिका आल्या, मुलीची दहावी आली. "पुढच्या वर्षी नक्की" हे वाक्य मी आईला किती वेळा ऐकवले, त्याचा हिशेब आता करवत नाही.

दसऱ्याचा सोहळा मात्र मी नऊ वर्षांचा असताना पाहिला होता, वडिलांच्या खांद्यावर बसून. पहाटेचा अंधार, पेटत्या दिवट्या आणि खाली माणसांचा समुद्र. या सोहळ्याचे नाव सीमोल्लंघन. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती एकशे आठ साड्यांचे दिंड गुंडाळतात आणि पालखीत बसवून देवळाभोवती प्रदक्षिणा घालतात. वाटेत पिंपळाच्या पारावर विसावा. कुंकवाची उधळण अशी, की वडिलांची पांढरी टोपी घरी आली ती तांबडी होऊन. "आई राजा उदो उदो!" हा गजर मी तेव्हा प्रथम ऐकला, आणि आई राजा कशी असेल या कोड्यात बराच काळ पडलो. आईला विचारले तर ती म्हणाली, "घर चालवणारा तो राजा." पुढे विद्यापीठातल्या कोणत्याही ग्रंथात मला याहून बरे उत्तर सापडले नाही.

ती पालखी आणि तो पलंग तुळजापूरचे नसतात. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. पलंग घडतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात आणि जुन्नर, अहिल्यानगर अशी मजल दरमजल करीत येतो. या मानात तेली समाजाची घराणी आहेत. दरवर्षी नवी पालखी, नवा पलंग. वाटेतल्या गावांतल्या बायका त्या रिकाम्या पलंगाची पूजा करतात. रिकाम्या पलंगाची पूजा! एरवी हसण्यावारी नेले असते. पण दमूनभागून येणाऱ्या माणसासाठी आधीच अंथरूण घालून ठेवावे, तशी ही सगळी खटपट आहे, हे कळले की हसू येत नाही. घोरनिद्रेच्या आधी देवीच्या गादीचा कापूस पिंजण्याचाही विधी असतो. पिंजाऱ्याचा तिथे मान आहे, आणि बायका जमून हाताने कापूस मोकळा करतात.

तर 2024 चा दसरा झाला. त्या नवरात्रात आमचा नंदादीप माझ्या पत्नीने सांभाळला. दोन रात्री मीही उठलो. दोनच रात्री, पण तिसऱ्या दिवशी वर्गात ज्ञानेश्वरीतली ओवी फळ्यावर अर्धी लिहून मी पुढचे शब्द विसरलो. मुले गालात हसली. त्रयोदशीला किरकोळ रजा टाकून मी निघालो. आईने ओटीचे सामान उशाशी घेऊन स्वतः बांधून दिले: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. "पौर्णिमेच्या आत पोहोच. पौर्णिमेला ती उठते."

पुण्याहून सोलापूरपर्यंत रेल्वे आणि तिथून एस.टी. हे अंतर काही पंचेचाळीस किलोमीटरचे. कोजागरीला हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. वाहतूक दुसरीकडून वळवावी लागते. सोलापूरकडून, कर्नाटकातून लाखो माणसे या वाटेने पायी येतात. मी गेलो तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, तरी कडेकडेने अनवाणी निघालेल्या टोळ्या दिसत होत्याच. माझी आजी सांगे, तिच्या लहानपणी ही वाट म्हणजे परमुलखात जाणे. सोलापूर इंग्रजांचे, तुळजापूर निजामाचे, आणि मधे करोडगिरीचा नाका. 1948 च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. जिल्ह्याला शेवटच्या निजामाचे दिलेले नाव मात्र 2023 पर्यंत राहिले. आता एस.टी.च्या पाटीवर धाराशिव असते. आईच्या तोंडी अजून उस्मानाबादच येते आणि मी तिला दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

बालाघाटाच्या डोंगरावर गाव चढून जायचे आणि देवळात मात्र उतरायचे, ही तुळजापूरची गंमत. पायऱ्या उतरत उतरत आपण खाली जातो. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ मागे टाकतो, सरदार निंबाळकर दरवाजातून आत येतो. एरवीचा माझा स्वभाव दगडी काम बघत रेंगाळण्याचा. त्या दिवशी बघितले नाही. रांग बरीच होती. माझ्यापुढे लातूरकडची एक म्हातारी आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मागे सोलापूरची तरुण पोरे, गजर करीत चाललेली. मी वेळ जावा म्हणून शेजारच्या गृहस्थांना सप्तशतीतली गोष्ट सांगू लागलो. सर्व प्राण्यांच्या ठायी निद्रेच्या रूपाने राहणारी म्हणून तिथे देवीला नमस्कार केला आहे. प्रत्यक्ष विष्णूच्या डोळ्यांवर जी झोप असते ती हीच. मग जी स्वतःच झोप आहे तिला पुन्हा झोपवायचे, हा केवढा चमत्कारिक विचार! गृहस्थ मान डोलवीत होते. गाभारा जवळ आला होता. म्हातारीने मागे वळून पाहिले.

"हळू बोला की दादा," ती म्हणाली. "नऊ रोज लढलीय. दमलीय ती."

मी गप्प झालो. मागची पोरेही गप्प झाली. गाभाऱ्यात आलो तेव्हा समोर सिंहासन रिकामे होते. बाजूला पलंगावर देवी निजलेली. महिषासुराला मारणारी आठ हातांची ती मूर्ती, तिचे एकही शस्त्र दिसत नव्हते; वस्त्रांत लपेटलेली, चेहरा काय तो उघडा. या दिवसांत सिंहासनावरची पंचामृताची पूजा नसते. क्षणभरच उभे राहायला मिळाले. ओटी पुढे केली. काही मागायचे नव्हते, म्हणून काही सुचलेही नाही. म्हातारीने मात्र पदराने वारा घातल्यासारखे केले, हळूच, दोनदा, आणि पुढे सरकली.

बंगालात दशमीला दुर्गेची बोळवण करतात, तिला पाण्यात सोडतात आणि माहेरवाशीण सासरी गेली म्हणून रडतात. आमच्याकडे तिची पाठवणी करीत नाहीत, तिला विश्रांती देतात. दोन्ही रीती मायेच्याच. पण मला वाटते, ज्या कोणी ही दुसरी रीत पाडली त्याने घरातली बाई नीट पाहिली असली पाहिजे. नाहीतर विजयाच्या दिवशी विजयी देवतेची मिरवणूक काढून थांबता आले असते. तिला दम लागला असेल हे कोणाला सुचते? आणि सुचले ते देवळापुरतेच का राहिले, हा प्रश्न परतीच्या एस.टी.त माझ्या मानगुटीवर बसला तो सोलापूरपर्यंत उतरला नाही. देवीच्या पलंगासाठी तीन जिल्हे खपतात. आईला पलंग मिळाला तो हाड मोडल्यावर.

घरी पोहोचायला रात्र झाली. आई जागी होती. कुंकू तिच्या कपाळाला लावले, प्रसाद हातावर ठेवला. तिने पहिला प्रश्न केला तो गर्दीचा नाही, की दर्शन कसे झाले याचा नाही.

"झोप लागली होती का रे तिला?"

"हो," मी म्हणालो. "गाढ."

"बरं झालं." तिने डोळे मिटले. मग पुन्हा उघडून म्हणाली, "माळ्यावरचे डबे काढायला हवेत. दिवाळी आली."

"मी काढतो."

"तुला कुठले कोणते ते कळायचं नाही."

"तू इथून सांग," मी म्हणालो, आणि स्टूल आणायला गेलो. स्टूल आणून वर चढलो, पहिला डबा खाली घेतला आणि विचारले, "हा पितळी आधी का?" उत्तर आले नाही. पाहिले तर तिला झोप लागली होती. बाकीचे डबे मी दुसऱ्या दिवशी काढले.